नटरंग आणि आपल्या शिट्ट्या

परीक्षा संपली त्या शनिवारी रात्री आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ‘नटरंग’ लावला होता. मेसच्या काकांकडून दोन पांढऱ्या चादरी मागून आणल्या, भिंतीवर ठोकल्या, एका पठ्ठ्यानं डिपार्टमेंटमधून प्रोजेक्टर मिळवला (कसा ते विचारू नका), आणि साठ-सत्तर पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. रेक्टर सरही मागे खुर्ची टाकून बसले होते. ‘वाजले की बारा’ सुरू झालं आणि जो काही कल्ला झाला म्हणता! शिट्ट्या, टाळ्या, हवेत रुमाल... एकानं तर वहीची पानं फाडून उधळली. ती मॅथ्सची वही होती, त्यामुळं कुणाला वाईट वाटलं नाही. गाणं संपल्यावर ‘वन्स मोअर’ झाला, आणि तेवढा भाग मागे घेऊन परत लावावा लागला.

इथपर्यंत सगळं छानच होतं. पुढं काय झालं ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतलाय.

गुणा कागलकर बायकी चाल शिकायला लागतो, तेव्हा खोली हसली. ठीक आहे, तमाशातल्या नाच्यानं लोकांना हसवायचंच असतं. मग त्याच्या घरात, गावात त्याची जी शोभा होते, तिथंही खोली हसली. आणि शेवटी शेवटी, जिथं त्याच्यावर अत्याचार होतो, तिथं अंधारातून कुणीतरी एक शब्द टाकला. तो शब्द इथं छापता येणार नाही. चार-पाच जण फिस्सकन हसले. त्या चार-पाचांत मी होतो.

दिवे लागले. ‘लई भारी पिक्चर’ म्हणत सगळे उठले, चादरी काढल्या, आणि गप्पा कॉरिडॉरमध्ये शिफ्ट झाल्या.

रात्री दोनपर्यंत चाललेल्या त्या चर्चेत तीन पार्ट्या पडल्या. पहिली गाणं पार्टी. यांचं म्हणणं, अजय-अतुलचं संगीत काढलं तर सिनेमात राहतं काय? दुसरी ॲक्टिंग पार्टी. अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग त्याच सिनेमासाठी ते उतरवलं, हे यांना सगळ्यात भारी वाटलेलं. यातले बरेचसे जिमवाले होते हे सांगायला नकोच. आणि तिसरी पुस्तक पार्टी. आनंद यादवांची मूळ कादंबरी जास्त चांगली आहे, सिनेमानं शेवट बदलून घोळ केला, असं त्यांचं ठाम मत. या पार्टीत तिघे जण होते. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की तिघांपैकी कुणीच कादंबरी वाचलेली नाही!

बाहेरच्या जगातही फार वेगळं झालेलं दिसत नाही. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला प्रदर्शित झाला, म्हणजे तेव्हा आमची बॅच बालवाडीत होती. दिग्दर्शक रवी जाधव यांचा हा पहिलाच सिनेमा. गाणी गुरु ठाकूर यांची, पांडोबाच्या भूमिकेत किशोर कदम, गुणाची बायको विभावरी देशपांडे, फडावर नाचणारी नयना म्हणजे सोनाली कुलकर्णी. समीक्षकांनी अतुल कुलकर्णींचं कौतुक केलं, लोकांनी गाणी डोक्यावर घेतली, आणि २००९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्याला मिळाला. आज पंधरा-सोळा वर्षं झाली तरी गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, आणि आपल्या गॅदरिंगमध्ये ‘अप्सरा आली’ वाजतंच. एवढा यशस्वी सिनेमा मराठीत रोज होत नाही.

मग माझी तक्रार काय? सांगतो. पण त्याआधी पुस्तकाबद्दल.

मी कादंबरी वाचायची असं ठरवलं, कारण पुस्तक पार्टीच्या तिघांना गप्प करायचं होतं. कॉलेजच्या लायब्ररीत मराठीचं कपाट सगळ्यात मागे आहे, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे. तिथं ‘नटरंग’ मिळाली. आता माझी गंमत अशी की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं तर दंड व्हायचा. घरी मराठी, पण ते शहरातलं, टीव्हीवरच्या सिरीयलसारखं. त्यामुळं यादवांच्या माणसांचं बोलणं वाचताना पहिल्या काही पानांतच माझी विकेट पडली. कागल इथून पंचवीस मिनिटांवर आहे, हायवेनं पुण्या-बेंगलोरला जाताना आपण रोज बघतो. आणि तिथल्या माणसाचं बोलणं मला परभाषेसारखं वाटत होतं! शेक्सपिअरला नोट्स घेऊन वाचलेला मी, इथं मात्र रूम पार्टनरला उठवून ‘याचा अर्थ काय रे?’ विचारत होतो.

नशिबानं तो पार्टनर कागल तालुक्यातला आहे. तो एका रविवारी मला घरी घेऊन गेला. त्याच्या आजोबांनी तरुणपणी मोट हाकली होती. मी मेकॅनिकलचा, म्हणून त्यांनी मला मोट अगदी प्रॅक्टिकलसारखी समजावून सांगितली. विहिरीच्या काठापासून उतरती केलेली वाट म्हणजे धाव. बैल धावेवरून खाली जातात, नाडा ओढला जातो, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडतं. बैलांच्या ताकदीला त्यांच्या वजनाची मदत मिळावी म्हणून धावेला उतार. मी म्हटलं, “आजोबा, हे तर मस्त डिझाईन आहे!” ते म्हणाले, “डिझाईन काय म्हाईत न्हाई बाळा. पर मोटंवरचा गडी गाणं म्हणायचा. इंजान आलं, गाणं गेलं, गडी बी गेला.”

इथं मला ‘नटरंग’ची सुरुवात पहिल्यांदा नीट समजली. सिनेमा बघताना तो भाग माझ्या डोक्यावरून गेला होता. गुणा शेतावर राबणारा मजूर. मालकाच्या विहिरीवर पंप बसतो, आणि गुणासारख्या गड्यांचं काम जातं. तमाशाचं वेड त्याला आधीपासूनच असतं, पण फड उभा करायची वेळ येते ती पोटावर पाय आल्यामुळं. म्हणजे कथेतलं पहिलं संकट एक यंत्र आणतं! ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार झाली, ज्याचा आपल्याला अभिमान आहे, त्याच गोष्टीची ही दुसरी बाजू. आपल्या सिलॅबसमध्ये पंपाची एफिशियन्सी काढायला शिकवतात. त्या पंपानं किती माणसं रिकामी झाली हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. आनंद यादव मात्र पुन्हा पुन्हा तिकडंच बघत होते. त्यांची ‘गोतावळा’ (१९७१) कादंबरीसुद्धा यंत्र आल्यावर शेतावरच्या माणसाचं आणि जनावरांचं काय होतं, यावरच आहे. कागलमध्ये गरिबीत वाढलेला मुलगा पुढं पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला, ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी त्यांची नजर त्या विहिरीवरून हलली नाही.

असो. पुस्तक आणि सिनेमा, भारी काय? हा वाद कोल्हापूरला तरी नवीन नसावा. इथं बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तो नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून. इथंच जन्मलेल्या ‘प्रभात’नं पुण्याला गेल्यावर १९३७ साली ‘कुंकू’ काढला तोही आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. पुस्तकात शब्द असतात, पडद्यावर चेहरे असतात, त्यामुळं बदल होणारच. दोन-अडीच तासांत सगळं बसत नाही. ‘पुस्तकासारखं नाही’ ही तक्रार मला तरी पटत नाही. पुस्तकासारखंच हवं असेल तर पुस्तक आहे की!

पण पुस्तक पार्टीचा एक मुद्दा, न वाचता सांगितलेला असला तरी, बरोबर निघाला. तो म्हणजे शेवट.

कथा सगळ्यांना माहीत आहेच, तरी दोन ओळीत सांगतो. फड उभा राहतो, पण नाचणाऱ्या बाईची अट असते की फडात नाच्या पाहिजे. नाच्या व्हायला एकही पुरुष तयार नाही. राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा, पैलवानी अंगाचा गुणा शेवटी स्वतःच नाच्या होतो. फड गाजतो. घरी मात्र बाप, बायको, मुलगा यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग गावच्या राजकारणात फड सापडतो, आणि गुणाच्या वाट्याला ते सगळं येतं जे आम्ही अंधारात हसून घालवलं. घर दार लावतं. कादंबरीचा शेवट अंधारातच होतो, आपल्या हातात दिलासा म्हणून काही पडत नाही. सिनेमात म्हाताऱ्या गुणाला जीवनगौरव पुरस्कार मिळतो. मोठं सभागृह, दिवे, टाळ्या.

हा बदल का केला असेल ते समजतं. लोक पैसे देऊन येतात, त्यांना रडवून बाहेर पाठवायचं नाही. शिवाय कलाकारानं एवढं सोसलं तर त्याचं काहीतरी चीज झालं पाहिजे, असं कुणालाही वाटेल. मलाही त्या रात्री तो शेवट आवडला होता. टाळ्या वाजवल्या मी.

पण पुस्तक वाचल्यावर मला त्या टाळ्यांची लाज वाटली. कारण तो शेवट गुणाला पुरस्कार देतो आणि सोबत आपल्यालाही माफी देऊन टाकतो. आपण त्या सभागृहात बसलेले कलाप्रेमी होऊन टाळ्या वाजवतो. खरं तर सिनेमाभर आपण गावच्या पारावर बसलेलो होतो. गुणाच्या मुलाला जे चिडवत होते, त्यांच्यातच आपली जागा होती. सिनेमानं शेवटच्या पाच मिनिटांत आपली खुर्ची बदलून दिली आणि आपण ती निमूट घेतली. कादंबरी तशी सोय करत नाही. पुस्तक मिटतं तेव्हा आपण जिथं होतो तिथंच असतो. समीक्षकांच्या कौतुकात, गाण्यांच्या गजरात आणि शेवटावरच्या वादात ही एक गोष्ट राहून गेली, असं माझं मत आहे: ‘नटरंग’ बघून आपण गाणी घरी नेली, पण ‘नाच्या’ ही शिवी तिथं टाकून आलो नाही.

शिवी नाही तर काय? आपल्या कॉरिडॉरमध्ये दिवसातून किती वेळा हा शब्द ऐकू येतो ते मोजा एकदा. कुणी हात हलवून बोललं, नाच्या. कुणी फेसवॉश जरा महागातला आणला, नाच्या. कुणी मारामारीत मागे राहिला, बायल्या. रांगडं कोल्हापूर म्हणून आपण छाती फुगवतो, त्याचाच हा दुसरा भाग.

आणि हे फक्त आपल्या हॉस्टेलचं नाही. मराठी तमाशापटात नाच्या म्हटलं की एकच नाव डोळ्यापुढं येतं, गणपत पाटील. ते आपल्या कोल्हापूरचेच. त्यांचं ते ‘आत्ता गं बया’ आजही लोक नक्कल करून दाखवतात. किती सिनेमांना त्यांनी हसवलं असेल! संसारी माणूस, मुलंबाळं असलेला. तरी पडद्यावरचं सोंग लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेलं. ते खरोखरच तसे आहेत असं समजून लोक त्यांच्याशी वागत, आणि त्याचा त्रास त्यांना व घरच्यांनाही झाला, हे जुन्या लोकांना माहीत आहे. २००८ साली ते गेले. ‘नटरंग’ त्यानंतर दोन वर्षांच्या आत आला. गुणाची गोष्ट पडद्यावर बघून हळहळणारा महाराष्ट्र, जिवंत गणपत पाटलांना मात्र रस्त्यात बघून हसत होता.

आता इथं मला स्वतःलाच थांबवावंसं वाटतं. वरच्या परिच्छेदात मी काय लिहिलं? ‘संसारी माणूस, मुलंबाळं असलेला’. म्हणजे ते ‘तसे’ नव्हते, म्हणून त्यांना हसणं चूक! आणि समजा, कुणी तसा असेलच, तर? मग हसायला परवानगी आहे का? सिनेमासुद्धा गुणा कसा पैलवान गडी आहे, बायको-पोराचा धनी आहे, हे आधी ठसवतो, म्हणजे त्याच्याबद्दल वाईट वाटायला आपल्याला अडचण पडू नये. आपली दया पण आधी सर्टिफिकेट मागते. हे मला लिहिता लिहिता कळलं, म्हणून ते वाक्य खोडलं नाही, तसंच ठेवलंय.

दुसरी एक गंमत बघा. ‘नटरंग’नंतर रवी जाधवांनी २०११ साली ‘बालगंधर्व’ काढला, सुबोध भावे असलेला. पहिल्या दोन्ही सिनेमांचा नायक स्टेजवर बाई होणारा पुरुष! पण आपल्या प्रतिक्रियेत केवढा फरक. बालगंधर्वांचं नाव घेताना आजी-आजोबा कानाला हात लावतात. त्या काळी बायका त्यांची नेसण्याची तऱ्हा, दागिने उचलत. त्यांच्या नावानं थिएटरं आहेत. आणि नाच्या? तोही साडी नेसतो, तोही मुरडतो, तोही पोटासाठी आणि कलेसाठीच उभा राहतो. मग एकाला ‘गंधर्व’ आणि दुसऱ्याला शिवी का?

माझ्या मते उत्तर सरळ आहे, फक्त अवघड आहे. संगीत नाटक बघणारे लोक वेगळे होते आणि तमाशा करणारे लोक वेगळे. एकीकडे शालू, अत्तर, तिकिटाच्या रांगा, शिकलेले प्रेक्षक. दुसरीकडे कनात, धूळ, आणि गावकुसाबाहेरच्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या जगवलेली कला. बाई होणं एकच, पण ज्याच्या अंगावर साडी आहे तो कुठल्या घरातून आलाय हे बघून आपण ठरवतो की टाळी वाजवायची की शिट्टी. आमच्या कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगमध्ये शेक्सपिअरच्या नाटकात मुलगा मुलगी झाला होता, तेव्हा पालकांनी ‘हाऊ क्यूट’ म्हटलं होतं. तोच मुलगा लावणी करायला उभा राहिला असता तर प्रिन्सिपलनी घरी चिठ्ठी पाठवली असती.

कोल्हापूरला तर हे शोभतच नाही. शाहू महाराजांनी इथं १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं आणि १९१५ साली त्याला लागून पॅलेस थिएटर बांधलं, जे पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. आखाडा आणि रंगमंच एकमेकांच्या शेजारी! ज्या केशवरावांचं नाव त्याला दिलं, त्यांनीही लहानपणी ‘शारदा’ नाटकात शारदेचं काम केलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं शहर हळहळलं, माझ्या वडलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण महाराजांनी ती दोन्ही शेजारी-शेजारी का ठेवली असतील, याचा विचार आपण कधी केला का? माझ्या मनाला जे उत्तर सुचतं ते असं, की एकाच माणसात पैलवानही असू शकतो आणि नटही. गुणाच्या अंगात ते दोन्ही होतेच की.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं, तिकडं येतो.

आपल्या हॉस्टेलमध्ये एक मुलगा आहे. त्याला विचारून लिहितोय, नाव नको म्हणाला. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये त्यानं साडी नेसून लावणी केली होती. आठवते का? आठवणारच, कारण हॉल अक्षरशः डोक्यावर घेतला होता. सर-मॅडमसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसमध्ये शिरला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. आदल्या रात्रीचीच शिट्टी ती, आवाजही तोच. फक्त रात्री ती त्याच्या नाचासाठी होती आणि सकाळी त्याच्यासाठी. मग ते रोजचं झालं. बाथरूमच्या दारावर त्याचं नाव लिहिलं गेलं. व्हायवाच्या रांगेत त्याला कोपरानं ढोसलं गेलं. तो हसून घ्यायचा. आम्हाला वाटायचं, चला, स्पोर्टिंगली घेतोय.

या वर्षी गॅदरिंगच्या नावनोंदणीचा कागद नोटीस बोर्डवर लागला. त्यानं नाव दिलं नाही. मी विचारलं, “काय रे, या वर्षी काय करतोयस?” तो म्हणाला, “काय नाय. जीपीए सांभाळायचाय.” आणि तो ‘नटरंग’च्या रात्री कॉमन रूममध्ये आलाच नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. साठ-सत्तर पोरं होती, पण ज्याला त्या सिनेमातलं सगळ्यात जास्त कळलं असतं तो खोलीत दार लावून बसला होता.

कादंबरी वाचून झाल्यावर मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, “त्या मेसमधल्या शिट्ट्यांत मी पण होतो.” तो म्हणाला, “माहितीये की. तुझी शिट्टी ओळखू येते.” एवढंच. पुढं आम्ही असाइनमेंटबद्दल बोललो.

यावर काय म्हणणं येणार ते मला माहीत आहे. ‘अरे, मस्करी आहे, मनाला काय लावून घ्यायचं? हॉस्टेल म्हटलं की हे चालायचंच. मुलं घट्ट होतात त्यानं.’ मी पण हेच म्हणायचो. पण मस्करी म्हणजे दोघं हसतात ती. इथं एक जण हसू आणून दाखवत होता. आणि ‘घट्ट होतात’ म्हणाल तर, तो घट्ट झाला हे खरंय. इतका, की आता नाचत नाही.

दुसरं म्हणणं असं येईल की सिनेमा हा शेवटी करमणुकीसाठी असतो, त्यातून एवढं काय काढायचं? शिट्टी तर लावणीचा मानच आहे. मान्य! शंभर टक्के मान्य. लावणीला शिट्टी नाही मारायची तर कशाला मारायची? फडावरच्या नाचाला दाद म्हणून मारलेली शिट्टी कुणालाच नको नाही, गुणालाही नको नव्हती. माझं म्हणणं एवढंच की ती फडावरच राहू दे. पडदा पडल्यावर त्या माणसाच्या मागोमाग मेसमध्ये, बाथरूममध्ये, घरापर्यंत नेऊ नका. कलाकाराला खाली उतरून माणूस व्हायचं असतं, त्याची वाट अडवू नका.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. उलट, सिनेमा नसता तर मी कधी त्या मागच्या कपाटाकडं फिरकलोच नसतो. गुणाच्या बायकोचा कोंडमारा विभावरी देशपांडेंच्या चेहऱ्यावर जसा दिसतो, तो वाचताना मला तेवढा लागला नाही. आणि आपल्या मातीतली गोष्ट मल्टिप्लेक्सच्या गार हवेत जाऊन बसली, हेही कमी नाही. तक्रार आहे ती प्रेक्षकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. चांगला सिनेमा एक प्रश्न विचारतो आणि आपण ‘वन्स मोअर’ ओरडतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. एक, लायब्ररीतली ‘नटरंग’ मी परत केली आहे, ती वाचा. अडलं तर कागल-मुरगूडकडचा कुणीही मित्र पकडा, भाषा पण कळेल आणि मित्र पण. दोन, रेक्टर सरांना आणि गॅदरिंग कमिटीला: बाथरूमच्या दारावर नावं लिहिणं हेसुद्धा रॅगिंगच आहे, ते पुसून टाकलं म्हणजे संपलं असं होत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना बोलावून विचारा. हवं तर सुरुवात माझ्यापासून करा. मी लिहिलं नाही, पण कोण लिहितंय ते बघत उभा होतो. तीन, नावनोंदणीचा कागद अजून बोर्डवर आहे. लावणीच्या रकान्यात एकही नाव नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

त्यानं नाव द्यावं असा आग्रह मी धरणार नाही, तेवढा अधिकार मी गमावलाय. पण त्यानं किंवा दुसऱ्या कुणी दिलंच, तर त्या रात्री हॉलमध्ये शिट्टी मारायला मी पहिल्या रांगेत असेन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये त्याच्या शेजारी बसून पोहे खाईन. तुम्हीही या.